बारा पांढरे कोट

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात एक गोष्ट ठरलेली होती. कापायचं मास्तरांनी, शिवायचं बायकोने. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने हौसेने एका गिऱ्हाइकाचा कोट कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याचा विनोद केला आणि एकतीस वर्षं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. "आमच्या हिला विचारा, दोन डाव्या हातांचा माणूस कुठे भेटतो ते!" गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची. हसता हसता तिला ते पटून गेलं. मशीनवर कुणाला हार न जाणारी ही बाई मोठी कात्री नुसती पुसायला उचलायची, तीही घाईघाईने पुसून परत ठेवायची.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. एका दवाखान्याने सांगितलेल्या बारा पांढऱ्या कोटांचं कापड टेबलावर तसंच पडून होतं. त्या कामावरच दुकान तगून होतं. शनिवारपर्यंत कोट गेले नाहीत तर काम दुसरीकडे जाणार आणि दुकानाला कुलूप लागणार. ती पाच ठिकाणी फिरली, कटर मिळेना.

लेक म्हणाली, "आई, तूच काप ना."

"वेडी आहेस का? मला येत नाही."

"त्या कोटानंतर कधी कापून बघितलंस?"

तिला लेकीचा राग आला.

सोमवारी सकाळी तिने मास्तरांना खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली आणि कापड पसरलं. खडूने आखलं, पुसलं, पुन्हा आखलं. मास्तर घशातून काहीतरी बोलले. ते "नको" होतं की "सांभाळून", कळलं नाही. तिने विचारलंही नाही. कात्री घातली. पहिली वीतभर रेघ वाकडी गेली. नशीब, शिलाईत खपण्याजोगी होती. दुपारपर्यंत चार कोट कापून झाले. बाह्या तिने तीन-तीनदा लावून पाहिल्या.

शनिवारी दवाखान्याचा माणूस आला. एक कोट अंगात घालून त्याने खांदे हलवले. "वा मास्तर! आजारपणातही कात्री तीच!"

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून.

"मी कापलेत," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही? अहो, ते दोन डाव्या हातांचं..." तो हसायला लागला. ती हसली नाही, तसा तो गठ्ठा उचलून गेला.

दुकान वाचलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"इतकं सोपं होतं?" तिने मास्तरांना विचारलं. आवाज चढला. "अहो, एकतीस वर्षं! इतकं सोपं होतं?"

मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. कडाकडा भांडावं असा राग तिच्या छातीत भरून आला होता, आणि समोर भांडण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. तिने फडकं घेतलं आणि त्यांचं तोंड पुसलं.