बोलक्या गाढवाचा दुसरा भाग

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही मुलांसाठी, आणि तिचा नायक एक गाढव आहे. तशी पुस्तकात एक मुलगी आहे, पण कुठल्याही वाचकाला विचारा, तो गाढवाचंच नाव घेतो. गाढव कापडाचं, पोटात कापूस भरलेलं. मुलीला जे बोलायचं धाडस होत नाही ते हे गाढव तिच्या वतीनं बोलतं. बाई विनाकारण रागावल्या, गाढव बोललं. काकांनी पाहुण्यांसमोर चेष्टा केली, गाढव बोललं. एवढीच त्याची जादू. लोक मला म्हणतात, काय अफाट कल्पना! माझी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. ओठ घट्ट मिटून बसलेली इतकी मुलं पाहिली, की या पुस्तकासाठी कल्पनेला फारसे कष्ट पडले नाहीत.

मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहते. सोमवारी बेल-फुलं विकणाऱ्यांच्या टोपल्यांतून वाट काढत घर गाठावं लागतं. अशाच एका सोमवारी मी घरी आले, तर दारात एक गृहस्थ उभे. चाळिशीचे असतील, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. इथल्याच एका केमिकल फॅक्टरीत ते ऑफिसर होते आणि वाचनालयातून त्यांनी माझा पत्ता मिळवला होता.

"मॅडम, तुमच्या त्या गाढवाच्या पुस्तकाचा पार्ट टू काढा ना," ते म्हणाले.

लेखकाला याहून गोड वाक्य नाही. मी फुशारून त्यांना आत बोलावलं, चहा टाकला.

"आणि त्यात ते गाढव बंद पाडा."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे त्याचं बोलणं. परमनंट."

माझं डोकंच सटकलं. गाढव म्हणजे काय तुमच्या फॅक्टरीतलं मशीन आहे, असं मी विचारणार होते. पण त्यांनी चहाचा कप तोंडाला न लावताच परत ठेवला, म्हणून विचारलं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. गेल्या पावसाळ्यात त्यांची बायको गेली. साध्या तापाचं निमित्त, हॉस्पिटल, आयसीयू, संपलं. मागे नऊ वर्षांची मुलगी. मायलेकींनी माझं पुस्तक एकत्र वाचलं होतं आणि मुखपृष्ठावरचं चित्र बघून आईनं जुन्या कुर्त्याचं तसंच गाढव शिवून दिलं होतं. आई गेल्यापासून मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलत नव्हती. गाढव तोंडासमोर धरायची आणि जाड्या आवाजात म्हणायची, "गाढव म्हणतंय, पाणी हवंय." शाळेत खेळणं चालत नाही, म्हणून तिथं दिवसभर मुकी. शाळेनं कळवलं होतं की वर्ष संपेपर्यंत बोलली नाही तर वेगळी शाळा बघा.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कल्याणला दाखवलं ना. ते म्हणतात, टाइम द्या, घरात मोकळेपणानं बोला. आता काय बोलणार, मॅडम? आईचा विषय निघाला की पोरगी बिथरेल. म्हणून मी तो काढतच नाही."

मी नाही म्हटलं. पुस्तक औषधाच्या बाटलीतून देता येत नाही, असंही काहीतरी ऐकवलं. यावर ते म्हणाले, "माझं ती ऐकत नाही. तुमचं छापलेलं आहे, ते तिला खरं वाटतं," आणि रडायला लागले. रडणाऱ्या पुरुषासमोर काय करायचं हे मला कधीच कळलेलं नाही. मी बिस्किटांचा डबा पुढे केला आणि मुलीला बघायला येते म्हणून कबूल झाले.

त्यांचं घर चिखलोलीतल्या एका नव्या टॉवरमध्ये होतं. खाली खेळणाऱ्या मुलांना मी विंग विचारली तर एकानं लगेच ओळखलं. "गधेवाली के घर? लेफ्ट से जाओ, आंटी." लिफ्टमध्ये मला त्या पोरांचा राग येत राहिला.

मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात बसली होती. बारीक अंगाची, वेणी बापानं घातलेली, म्हणून सैल. मांडीवर ते गाढव, एक कान दुसऱ्यापेक्षा लांब. हे पुस्तक मीच लिहिलंय, असं मी सांगितल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं. मग गाढव तोंडासमोर धरलं.

"गाढव म्हणतंय, तुम्ही खूप म्हाताऱ्या आहात."

"गाढवाची नजर चांगली आहे," मी म्हटलं. वडील ओशाळून तिला दटावायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं.

"गाढव विचारतंय, पुढे काय झालं?"

इथं मी विरघळले. वाचकानं पुढे काय झालं म्हणून विचारलं आणि तो वाचक इतका एकटा असला की तत्त्वं वगैरे टिकत नाहीत. घरी येऊन मी लिहायला बसले. एकच प्रकरण. त्यात मुलीचा आवाज जसजसा मोठा होतो तसतसा गाढवाचा बारीक होत जातो. शेवटी गाढव म्हणतं, आता तू बोल. आणि गप्प होतं, कायमचं. वडिलांनी ते छापून, वर रंगीत कागद लावून, पुस्तकासारखं शिवून घेतलं आणि रविवारी दुपारी वाचून दाखवायला मला गाडीतून घेऊन गेले.

मी वाचलं. मुलीनं मान वर न करता ऐकलं. वाचून झाल्यावर तिनं गाढवाच्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग त्याला सोफ्यावर आडवं केलं, स्वतःचा रुमाल घडी मोडून त्याच्या अंगावर पसरला. वडील माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणत होते, जमलं. मला मात्र तो रुमाल मेलेल्या माणसावर पसरलेल्या चादरीसारखा दिसत होता.

मुलगी उठून आत गेली. बाहेर आली ती बाहेर जायचा फ्रॉक घालून. दाराशी बसून तिनं सॅन्डलचे पट्टे लावले. आणि घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात, गाढवाशिवाय, ती म्हणाली,

"बाबा, या वेळी मला मावशीकडे पाठवू नको. मी पण येणार."

आनंद व्हायला हवा होता. इतक्या महिन्यांनी पोर बोलली होती. पण वडिलांनी तोंड फिरवलं. मला काहीच कळेना, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. बायको गेली त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, लेकराला काही दिसायला नको. शाळेतून तिला थेट उल्हासनगरला मावशीकडे नेलं. तिथं मावसभावंडं, टीव्हीवर कार्टून, रोज खाऊ. आई हॉस्पिटलमध्ये आहे असंच सगळे सांगत राहिले. तेरावं झाल्यावर घरी आणलं तर भिंतीवर हार घातलेला फोटो आणि आईचं कपाट रिकामं.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपल्याकडे सगळे असंच करतात आणि त्याला जपणं म्हणतात. पण त्या मुलीच्या बाजूनं बघा. आई एका सकाळी तापात हॉस्पिटलला गेली आणि फोटो होऊन भेटली. मधलं सगळं तिच्यापासून लपवलेलं. मला फार वाईट वाटलं, आणि संतापही आला, आणि संताप नेमका कुणावर करावा हे कळेना.

"चला," मी म्हटलं. "तिला घेऊन चला. जिथं तिच्या आईच्या अस्थी नेल्या होत्या तिथं."

बदलापूरला नदीवर आम्ही तिघं गेलो. मुलीनं रुमालात गुंडाळलेलं गाढव छातीशी धरलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर वडील उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्या दिवसांबद्दल बोलायला लागले. इथं मी उभा होतो. तिकडे तुझा मामा. अस्थी या पायरीवरून सोडल्या. सुरुवातीला वाक्यं तुटत होती, मग सुटत गेली. मुलगी ऐकत होती आणि विचारत होती, सगळं स्वतःच्या तोंडानं.

"साडी कुठली नेसवली?"

"हिरवी. काठाची."

"ती तिला टोचायची."

"मला माहीत नव्हतं गं."

नदीला पाणी कमी होतं. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. मुलगी खालच्या पायरीवर उतरली, मी घाबरून तिच्या मागे गेले. पण ती वळून वडिलांकडे बघत होती.

"तिनं मला हाक मारली होती का?"

हो म्हणणं सोपं होतं. मी त्यांच्या जागी असते तर बहुधा हो म्हटलं असतं. ते म्हणाले,

"नाही. ती बेशुद्ध होती, बाळा, शेवटी ती काहीच बोलली नाही. पण ज्या सकाळी तिला ॲडमिट केलं ना, तेव्हा जिना उतरताना म्हणाली, तिचा डबा भरायचा राहिलाय."

मुलीनं यावर विचार केला.

"तू भरलास. आदल्या दिवशीची भेंडी दिलीस."

"हो."

"मला भेंडी आवडत नाही. आईला माहीत होतं ते."

एवढं म्हणून ती रडायला लागली. आधी बारीक, मग घाटावरची माणसं वळून बघतील इतकं मोठ्यानं. वडील धावत पायऱ्या उतरले. गाढव पाण्यात सोडायचं होतं की काय, हे विचारायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. तिला वडिलांच्या गळ्यात दोन्ही हात टाकायचे होते, म्हणून मी ते तिच्याकडून घेतलं आणि धरून उभी राहिले.