सुकेशनीच्या अळ्या

सुकेशनी बोरीची. दूरच्या एका संशोधन विद्यापीठात जीवशास्त्र शिकते, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. गावाच्या लेखी जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी, त्यामुळं ती सुट्टीत आली की बायका दारात जीभ दाखवायला हजर. शेजारच्या सगुणाबाईंना तिनं एकदा नीट समजावलं, की आपण माणसं तपासत नाही. बोंडअळ्या पाळतो आणि त्या औषधाला दाद का देत नाहीत ते बघतो.

"आमी मारायलाव अन् तू पाळायलीस?" सगुणाबाई म्हणाल्या आणि त्या दिवसापासून जीभ दाखवणं बंद झालं.

यंदा प्रयोगशाळेतल्या तिच्या अळ्या मेल्या. नव्या नेल्या नाहीत तर वर्षाचा प्रकल्प बुडाला. कापसाच्या गावात अळ्यांना काय तोटा, म्हणून ती रानोरान हिंडली, तर एकाच्याही शेतात अळी नाही! नुकसानीच्या पंचनाम्याला हीच मंडळी किडकी बोंडं फोडून साहेबाच्या नाकाला लावत होती. साहेबापुढं अळी म्हणजे भरपाई, गावच्या पोरीपुढं अळी म्हणजे बेअब्रू. आमचं गाव अडाणी आहे असं कोण म्हणतं?

अखेर गावातल्याच किशनरावांनी पिशवीभर बोंडं दिली. अट एकच, रान भगवानरावांचं म्हणून लिहायचं. भगवानराव म्हणजे सुकेशनीचे वडील, महागड्या फवारणीच्या गप्पा पारावर सगळ्यांत मोठ्यानं मारणारे. त्यांनीही आपली बोंडं काढून दिली आणि रान किशनरावांचं लिही म्हणाले.

पोरगी रडकुंडीला आली. कुठल्या रानात काय फवारलं, यावरच तिचा सगळा अभ्यास होता. नावं फिरवली तर अळ्या नेऊन उपयोग काय, असं तिनं वडिलांना स्पष्ट विचारलं.

भगवानरावांनी आधी दार लोटून घेतलं.

"मग माझंच लिही. पण फवारलं म्हनून लिहू नको. म्या यंदा थेंबभर फवारलं न्हाई."

"अन् पारावर सांगायलाव ते?"

"लोकं येड्यात काढतील म्हनून सांगतो. ह्या औषधानं अळी मरत न्हाई, हे तूच फोनवर म्हनली व्हतीस की."

सुकेशनीला भरून आलं. तिचं म्हणणं तिच्या सरांनीसुद्धा अजून खरं मानलेलं नव्हतं.