पोकर अजून येत नाही
सकाळी अजिंक्यतारा चढते, मग ऑनलाइन ऑर्डरींची चटणी डब्यांत भरते, कधी हळदीसाठी एसटीनं सांगलीला जाऊन येते. तरी दिवस सरत नाही. घरात बोलायला कुणी नाही. रविवारी दुपारी मात्र परदेशातली नात व्हिडिओ कॉलवर मला पोकर शिकवते.

"आज्जे, फ्लश मोठा की स्ट्रेट? परत विसरलीस?"

"व्हय गं, म्हातारी झाले."

खरं तर मला सगळं केव्हाच आलंय. पण शिकून झालं म्हटलं, की फोन बंद. तरुणपणी गौरीच्या जागरणात मी पत्त्यांचा प्रत्येक डाव जिंकून मिरवायचे. शेवटी जावांनी मला खेळायला बोलावणंच सोडलं. तेव्हा मज शहाणीला हरायची अक्कल नव्हती! मी हातातला जिंकणारा फ्लश पालथा टाकून डाव सोडला आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सांग."