बेवारस दांडीवरचा ड्रेस

वॉन्डा क्रेबसारखी शिवणारी बाई अख्ख्या कोस्टा मेसा गावात नव्हती, हे तिचं वाईट चिंतणारेही कबूल करतील. मी कॉन्सुएलो, चेलो म्हणतात मला. लामसाहेबांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी वीस वर्षं इस्त्री करते आहे, आणि त्यातली अकरा वर्षं वॉन्डाचं मशीन माझ्या टेबलाला लागून होतं. ती घटस्फोटित, मी विधवा. दोघींनी आयुष्यात कधी समुद्राकाठचं घर आतून पाहिलं नव्हतं. पण शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही दोघी कड्यावरच्या बंगल्यात राहायला जायचो.

टीव्हीवर हो. दर गुरुवारी एक मालिका लागायची. दोन श्रीमंत घराणी, एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि त्यांची शाळकरी पोरं. वॉन्डा ती टेप करून आणायची आणि शिवणखोलीतल्या छोट्या टीव्हीवर आम्ही बघायचो. ती ट्यूना सँडविच खायची, मी घरचा बरीटो. त्या पोरांना कधी अभ्यास नसायचा, घामही यायचा नाही. स्वयंपाकघर आमच्या दुकानाएवढं, आणि त्यात कोणी साधं अंडं उकडत नसे. लोक म्हणतात, गरीब बायका असलं बघतात ते श्रीमंतीच्या लोभानं. डोंबल! आम्ही बघायचो ते श्रीमंतांना रडताना बघायला. दर भागात एकाचं तरी नाक कापलं जायचं, आणि त्या एका तासाच्या जोरावर मी पुढचा आठवडा वाफेत उभी राहायचे.

वॉन्डाची मुलगी केल्सी तेव्हा सोळा वर्षांची. आमच्याकडे शाळा एकच, वरच्या अंगाला भाड्यानं राहणाऱ्यांची पोरं आणि खाली न्यूपोर्टला बोटी बाळगणाऱ्यांची पोरं एकाच वर्गात. केल्सी बुजऱ्या स्वभावाची, भिंतीला घासून चालायची. वॉन्डाचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: या पोरीनं त्या शाळेत एकदा तरी मान वर करून चालावं.

म्हणून तिनं शाळेतल्या जानेवारीच्या नाचासाठी केल्सीला ड्रेस शिवला. मालिकेतल्या धाकट्या बहिणीनं घातला होता तसाच निळा. टेप थांबवून थांबवून तिनं त्याची एकेक शिवण कागदावर उतरवली. कापड मात्र घेतलं बेवारस दांडीवरचं. दुकानाचा नियमच आहे, भिंतीवर पाटी आहे: वर्षभर कोणी न्यायला आलं नाही तर कपडा दुकानाचा. असे कपडे मागच्या दांडीवर टांगलेले असतात, आणि लामसाहेब आम्हाला हवे ते घेऊ देतात. वॉन्डानं त्यातला एक निळा सॅटिनचा गाऊन उसवला, आणि देवाशप्पथ सांगते, त्यातून जे निघालं ते टीव्हीतल्यापेक्षा सरस होतं.

चूक झाली ती एकच. आमच्याकडे प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एक कायमचा नंबर असतो, तो छापलेली बोटभर चिंधी कपड्याच्या आत गरम करून चिकटवतात. अस्तराच्या शिवणीतली ती चिंधी काढायची वॉन्डा विसरली. नंबर होता ४१७, न्यूपोर्टच्या बोटवाल्या लँगफोर्डांचा.

नाचाच्या दिवशी मुलींच्या बाथरूममध्ये केल्सीच्या ड्रेसची पाठीवरची चेन अडकली. मदतीला आली ती नेमकी पेटन लँगफोर्ड. तिच्या घरच्या प्रत्येक ब्लाऊजात तोच नंबर.

"अगं बाई, ही आमच्या मॉमचं टाकलेलं घालून आली!" ती ओरडली, आणि दहा पोरींनी आत वाकून चिंधी पाहिली. केल्सी तशीच दोन मैल चालत घरी आली.

सोमवारी मिसेस लँगफोर्ड पेटनला घेऊन दुकानात हजर. दोन वर्षं त्या गाऊनची आठवण नव्हती, आता तो चोरीला गेला होता. लामसाहेबांनी पाटी दाखवली, तर त्या म्हणाल्या, "पाटी तुमच्याजवळ ठेवा. मी न्यूपोर्टमध्ये चार जणींशी बोलले तर तुमचं काय होईल ते बघा." साहेब नरमले. वॉन्डाला माफी मागायला लावली. तीही मिसेस लँगफोर्डची नाही.

"माझी नको, पेटनची माग. तिला किती ओशाळं वाटलं असेल!"

पन्नाशीची बाई त्या च्युइंगम चघळणाऱ्या पोरीसमोर उभी राहून सॉरी म्हणाली. वर मिसेस लँगफोर्डनी स्वतः सांगून दुसरी पाटी लिहून घेतली: पावतीशिवाय एकही कपडा कोणालाही मिळणार नाही. लामसाहेबांनी ती गल्ल्यामागे लावली. मी त्या दिवशी दोन शर्ट जाळले.

केल्सीनं त्यानंतर शाळेच्या नाचाचं नाव काढलं नाही. दुपारचं जेवणही लायब्ररीत घ्यायला लागली.

फेब्रुवारीत मालिकेत एक भाग आला. त्यात घरची शिवणकाम करणारी बाई मालकिणीच्या ड्रेसची खांद्यावरची पट्टी सैल टाक्यांनी शिवते, आणि ऐन समारंभात पट्टी तुटते. वॉन्डानं टेप मागे घेतली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, "बघ गं, बघ पोटभर."

मे महिन्यात शाळेचा मोठा नाच, प्रॉम. त्याच्या आदल्या आठवड्यात गावातल्या साऱ्या शिवणाऱ्या बुक असतात. तेव्हा कोण आलं असेल? लँगफोर्ड मायलेकी. पेटनचा पांढऱ्या ऑर्गंझाचा, म्हणजे पातळ कडक रेशमाचा, ड्रेस कमरेत आणि खांद्याच्या पट्ट्यांना ढिला होता. "झालं गेलं विसरलोय आम्ही," मिसेस लँगफोर्ड म्हणाल्या. वॉन्डानं मान डोलावली आणि टाचण्या तोंडात धरल्या.

मी आठवडाभर तिच्या कानाशी लागले. "एक पट्टी, वॉन्डा. एकच. हात सैल ठेव."

शुक्रवारी मी तो ड्रेस उलटा करून पाहिला. एकेक टाका पोलादी. मी भडकले. "अगं, माती खाल्लीस की काय?"

"हातानं ऐकलं नाही गं," ती म्हणाली. "वाईट शिवायला बसले की बोटं अडतात." आणि तिनं टेप लावली, मालिकेत काय चाललंय ते बघत बसली. मला तिची चीड आली होती, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, प्रॉम. लामसाहेब पुतण्याच्या लग्नाला सॅन होजेला गेलेले. पाचला दुकान बंद व्हायचं, आणि साडेचारला या दोघी आल्या. पेटनचे केस बांधलेले, नखं रंगवलेली, अंगात ट्रॅकसूट.

"ड्रेस दे पटकन," मिसेस लँगफोर्ड म्हणाल्या. "लिमोझिन सहाला येणार आहे."

"पावती?" वॉन्डा म्हणाली.

"पावती कुठे ठेवली कोण जाणे. कामवालीनं फेकली असेल."

वॉन्डानं मागे बोट केलं. त्यांनी पाटी वाचली. त्यांचं स्वतःचंच वाक्य होतं.

"वॉन्डा, हा काय पोरकटपणा? तू आम्हाला ओळखतेस."

"ओळखते ना. म्हणून तर. मागच्या वेळी तुमचा कपडा भलत्याच्या अंगावर गेला म्हणून मी माफी मागितली. पुन्हा तशी चूक नको व्हायला."

"लामला फोन लाव."

"लावा तुम्हीच. लग्नात आहेत."

फोन कोणी उचलला नाही. तिकडे पेटन रडायला लागली, टीव्हीतल्यासारखं नाही, नाक गळत, हुंदके देत. मी इस्त्री बंद करून ठेवली, एकही हुंदका चुकू नये म्हणून. मिसेस लँगफोर्डनी आधी धमकी दिली, मग गोड बोलल्या, मग पर्स उघडली. वॉन्डा घड्याळाकडे बघत होती.

"मागची दांडी आहे," ती शेवटी म्हणाली. "बेवारस. त्याला पावती लागत नाही. तिला हवं ते घेऊ दे, फुकट."

पाच वाजायला सात मिनिटं असताना पेटन लँगफोर्ड कोणा म्हातारीनं टाकलेला, लेस पिवळी पडलेला, लांब बाह्यांचा ड्रेस काखोटीला मारून दाराबाहेर पडली. वॉन्डानं मुद्दाम आतली चिंधी काढली नव्हती. दार लागलं आणि आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसलो. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर केल्सी दुकानात आली. दप्तर खाली न ठेवताच म्हणाली, "मॉम, सगळी शाळा पेटनच्या ड्रेसबद्दल बोलतेय."

"नावं ठेवतायत ना?" मी विचारलं.

"नाही. जुना आणि अस्सल, म्हणून वेडे झालेत. बाथरूममध्ये ती स्वतःच चिंधी दाखवत होती म्हणे, हसत हसत. चार जणी दुकानाचा पत्ता विचारतायत." तिनं दप्तर खाली ठेवलं. "मॉम, मग मी घातला होता तेव्हा काय झालं होतं?"

वॉन्डा मशीनमध्ये दोरा ओवायला लागली. उत्तर मला येत होतं, पण पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. त्या चार जणी मंगळवारी खरंच आल्या, पैसे मोजून दांडी अर्धी रिकामी केली, आणि लामसाहेब वॉन्डावर भलतेच खूश झाले.

ऑर्गंझाचा ड्रेस तसाच राहिला. पावती सापडली नसेल, किंवा शोधलीच नसेल. इतकं महागाचं कापड, पण त्यांच्या लेखी प्रॉमनंतर त्याची किंमत संपली. लामसाहेब म्हणाले, फोन करून कळव. वॉन्डा "हो" म्हणाली आणि केला नाही. कॅलेंडरवर तिनं एका तारखेभोवती लाल गोल काढला. मालिका पुढच्या हिवाळ्यात बंद पडली. तरी शुक्रवारी आम्ही जुन्या टेपा लावायचो, आणि मधून मधून ती त्या ड्रेसकडे बघायची.

पुढच्या मे महिन्यात ती तारीख आली, वर्ष भरलं, ड्रेस दुकानाचा झाला. वॉन्डानं ड्रेस खाली काढला आणि केल्सीला बोलावलं. "घालतेस?"

"त्यांचं काही अंगाला नको लावू माझ्या," केल्सी म्हणाली. त्या वेळी तिची मान ताठ होती, एवढं मी पाहिलं.

मग वॉन्डानं मोठी कात्री घेतली. ज्यांना शिवणकाम कळतं त्यांना ठाऊक आहे, इस्त्रीखाली धरायला ऑर्गंझासारखं फडकं नाही. आरपार दिसतं आणि जळत नाही. तिनं त्या ड्रेसची चौकोनी फडकी पाडली, कडा दुमडून शिवल्या, आणि गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

वॉन्डा आता नाही, पण फडकी अजून आहेत. मिसेस लँगफोर्ड दर गुरुवारी कपडे टाकतात आणि म्हणतात, "चेलो, तुझ्यासारखी इस्त्री कोणी करत नाही." मी थँक यू म्हणते. मग त्यांचा ब्लाऊज टेबलावर पसरते, वर त्यांच्या लेकीच्या ड्रेसचा तुकडा टाकते, आणि जोर लावून दाबते.