दुसरा सबवूफर

सबवूफर म्हणजे सिनेमातला छातीत घुमणारा आवाज देणारा जड डबा. घरातल्या जुन्याचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत नीट पोचतच नव्हता, म्हणून तो घेतल्यावर सहा वर्षांनी मी धरमपेठेतून दुसरा आणला. दोन जिने चढवताना कंबर धरली. या वयात कोणी सांगितले होते हे उद्योग!

दोन्ही जुळवायचे तर एकेक चालू करून प्रत्येक जागी बसून ऐकावं लागतं. आवाज नको म्हणून कूलरही बंद केला, घामाच्या धारा लागल्या. जुना एकटाच चालू ठेवून मी बायकोच्या जागी, कोपऱ्यातल्या दिवाणावर बसलो. दोन मिनिटांत कानशिलं ठणकायला लागली. सगळा घुमारा तिथंच साचत होता.

“अहो, कमी करा ना, डोकं उठून राहिलं माह्यं,” असं ती किती वर्षं म्हणायची. “तुले त्यातलं काय समजते?” हे माझं ठरलेलं उत्तर.

दुसरा लावल्यावर आवाज दोन्हीकडे सारखा झाला. मी तिला बोलवायला आत गेलो. ती मोबाइलवर मालिका पाहत होती. तिनं एका कानातला इअरफोन काढला.

“तुम्ही पाहा,” ती म्हणाली. “मले आता इथंच बरं वाटते.”