हळदीचं मटण आणि काकांची कवळी

लग्नाच्या हळदीचं मटण शिजायला लागलं, की तो वास मला जांभूळ गावातल्या त्या मांडवात नेतो. कवळी टोचते म्हणून चुलत सासऱ्यांनी, आमच्या काकांनी, ती खिशात ठेवली आणि मटणाचा तुकडा न चावताच गिळला. तो छातीत अडकला. बोलता येत होतं, पण थुंकीही खाली उतरेना. “भाकरीचा सुका गोला गिल, जाईल खाली,” त्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, म्हणाली. मी नवी सून, पण नर्सही होते. तिच्या हातातली भाकरी मी हिसकावली. “आता पाणीसुद्धा नाही!” आम्ही त्यांना शहरात कॅम्प चारच्या दवाखान्यात नेलं; तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तुकडा बाहेर काढला. “भाकरी दिली असती, तर अन्ननलिका फाटली असती,” ते म्हणाले. परतल्यावर त्याच आत्याबाईंनी पहिलं ताट मला वाढलं. आजही हळदीत काका आधी मला तोंडातली कवळी दाखवतात, मगच पानावर बसतात.