महारवाड्याला वळसा

नकाशा वाऱ्यानं उडाला आणि नेमका माझ्या पायाशी येऊन पडला.

मी वाकलो. चौथी पास माणूस. कागद दिसला की हात आपोआप जायचा.

"हात लावू नकोस!"

चावडीच्या पारावरून कारकून एवढ्या जोरात ओरडला की मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. हात जमिनीकडं, पाठ वर, मान पुढं. मानेवर जू ठेवायचं राहून गेलेला बैल. त्यात डोक्याला मामाचा जुना फेटा, माझ्या डोक्याला मोठा. तो सुटला आणि त्याचा शेव नकाशावर पडला. झाला नकाशाला विटाळ! कारकून पळत आला, दोन पावलांवर थबकला. पाणी शिंपडावं तर शाई पसरणार. न शिंपडावं तर उचलणार कसा? शेवटी पाटलांच्या गड्यानं काठीनं तो कागद ओढत उन्हात नेला. थोडं ऊन खाल्लं की कागद शुद्ध होतो, असं पारावर बसलेल्या अंमलदारांनी ठरवलं. शास्त्रात असेल बहुतेक.

घरात ही गोष्ट सांगायला बसलो की इथवर पोरं पोट धरून हसतात. मीही हसवतो. तो बैल करून दाखवतो. बायको म्हणते, "झालं तेवढं बास. पुढचं सांगू नगा, पोरं जेवायची न्हाईत." म्हणून पुढचं कधी सांगितलंच नाही. आज लिहितो.

आमचं गाव गुंजवणीच्या खोऱ्यात. मान वर केली की राजगड. तेव्हा संस्थानी अंमल होता. संस्थानच्या सभेवर रयतेतून माणसं निवडून घ्यायची असं निघालं होतं. त्यासाठी गावांचे गट पाडायचे आणि एका गटातून एक माणूस पाठवायचा. हे गट पाडायला अंमलदार गावोगाव फिरत होते. मत सगळ्यांना नव्हतं. पण गावकामगार म्हणून महारवाड्यातल्या काही घरांना ते मिळालं होतं. आमच्या बाला, म्हणजे वडलांना, मिळालं होतं.

आमच्या खोऱ्यात लगतच्या तीन गावांचे तीन महारवाडे. तीन गावं एका गटात आली की हे तिन्ही वाडेही एका गटात येणार, असं आम्ही धरून चाललो होतो. कुणाला निवडून आणायला आमची मतं पुरली नसती. पाडायला पुरली असती. पाटलांचा भाऊ उभा राहणार होता आणि त्याच्या विरोधात शेजारच्या गावचा एक सावकार. दोघांनाही आमच्याकडं यावंच लागलं असतं.

बाला या पाडापाडीत गोडी नव्हती. त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी यावं. बा गावचा येसकर. गावाचे निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची, मयताचे सांगावे घेऊन रानोरान पळायचं आणि दिवस मावळताना दारोदार भाकरी मागायची. तो म्हणायचा, "जल्मभर म्या दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हायलो. येकदा कुनीतरी माज्या दारात मागाय येऊ दे. मत तर मत."

त्यासाठी त्यानं दारापुढं ओटा घातला. स्वतः माती वाहिली, स्वतः चोपली.

आई म्हणाली, "मोटा मानूस. आपल्या वट्यावं बसंल व्हय?"

"नाय बसला तर हुबा ऱ्हाईल. पन दारात तर यील का न्हाई?"

तर तो नकाशा उन्हात पडला होता. मी लांबून पाहिला, तोही उलटा. पण चौथी पास माणसाला उलटंही वाचता येतं. बाहेर बसून शिकलेल्याला फळा नेहमी तिरकाच दिसायचा, त्यामुळं सवय होती. गावाचं नाव दिसलं. गावाच्या शिवेवरून तांबडी रेघ निघाली होती. चांगली चालली होती बिचारी. शेतं घेतली, कुरण घेतलं, मसणवट्याची जागासुद्धा घेतली. मग आमच्या वाड्यापाशी आली आणि वळली. सोवळ्यातला माणूस वाटेत आम्हाला बघून अंग चोरून वळसा घालतो, अगदी तशी. आमचा वाडा बाहेर ठेवून ती पुन्हा शिवेवर गेली. शेजारच्या दोन गावांतही तसंच. तीन वाडे तीन गटांत टाकले होते. आमचा वाडा नदीपलीकडच्या गटात. तिथं आम्हाला काळं कुत्रं ओळखत नव्हतं.

मी शेजारी उभ्या असलेल्या बाच्या कानात म्हणालो, "बा, आपल्याला काडलं."

बाला पटेना. तो पुढं झाला. पाराखाली उन्हात उभा राहून जोहार घातला.

"मायबाप, आमचा वाडा गावातच धरावा जी. गाव येकच हाय."

अंमलदार दुपारी पाटलांकडं जेवले होते. आता पान लावत होते. मान वर न करता म्हणाले,

"गावात? तुम्ही गावात होतात कधी?"

पार हसला. कारकून हसला, पाटील हसले, काठीनं नकाशा ओढणारा गडीही हसला. अंमलदारांना आपलंच बोलणं आवडलं असावं. म्हणाले, "राहता गावाबाहेर, पाणी गावाबाहेरचं, आणि कागदावर तेवढे गावात?"

बा हसणं संपेपर्यंत थांबला. मग पाटलांकडं वळला.

"पाटील, कुरनाचं भांडान लागलं तवा शीव कोन चाललं?"

इथं थोडं सांगावं लागेल. दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं की येसकरानं आंघोळ करून, डोक्यावर शिवेची माती घेऊन शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर त्याच्या घरात माणूस मरतं, असं दोन्ही गावं मानायची. मी पाळण्यात होतो तेव्हा बा आमच्या गावासाठी असा चालला. कुरण गावाला मिळालं. त्याच साली पटकी आली आणि माझा थोरला भाऊ गेला. सात वर्षांचा. हरलेलं गाव म्हणालं, येसकर खोटं चालला. आमचं गाव काहीच म्हणालं नाही. कुरण मिळालं होतं, बोलायचं कशाला? बा खरं चालला होता. पण आई पुढं कितीतरी वर्षं अधूनमधून त्याला विचारायची, "खरं सांगा, एकांदं पाऊल तरी चुकलं का वो?"

बानं पारासमोर विचारलं, "त्या टायमाला म्या वाडा आत धरून शीव चाललो. तवा गाव कुठवर हुतं, पाटील?"

पाटील हसायचे थांबले. मग मायेनं म्हणाले, "येसकरा, जुनं कशापायी काडतूस? उनात हुबा ऱ्हाऊ नगंस. जा, घरला जा."

अंमलदारांचं हसणं मी विसरलो असतो. ती माया विसरलो नाही.

पुढं निवडणुकीचे दिवस आले. गावात छकडे फिरायला लागले. पाटलांचा भाऊ घरोघर गेला, सावकार घरोघर गेला. आमच्याकडं दोघांचंही काम नव्हतं. नदीपलीकडच्या गटात उभ्या राहिलेल्या माणसाला एवढ्या लांबच्या चार घरांसाठी बैल दमवायचे नव्हते. तरी बा रोज ओटा सारवून घ्यायचा. एकदा एक छकडा आमच्या अंगानं आला. बा उठला, उपरणं झटकलं, हात जोडले. छकडा तसाच पुढं गेला. वाट चुकला होता. बा बराच वेळ हात जोडून उभा होता. मग त्यानं हात सोडले आणि आत जाऊन निजला. हिवताप आधीपासून अंगात होताच, त्या दिवसापासून तो बाला उठू देईना.

मताच्या आदल्या दिवशी पाटील स्वतः वाड्याच्या तोंडाशी आले आणि तिथूनच हाक मारली.

"येसकरा, उद्या चावडीवं मतं हायती. गावात दवंडी दे."

बा कण्हत होता. पाटील मला म्हणाले, "मग तू दे. बानं शिकवली आसंल की."

शिकवली होती. आवाजही बाचाच होता माझा. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"म्या न्हाई देनार."

"का रं?"

"आमची मतं गावात न्हाईत. आमी गावाभायेरचे. भायेरच्या मानसानं गावात कशाला वरडावं?"

"वतन हाय तुमचं. खाता न्हवं त्याचं?"

"वतन गावाचं हाय, पाटील. आमी गावात कवा हुतो?"

वाड्यातली माणसं अजून सांगतात, पोरगा कसा ताठ उभा होता म्हणून. मी खांबाला धरून उभा होतो. पाटील म्हणाले, "बलुतं बंद हुईल." मी म्हणालो, "करा." आणि आत गेलो.

बा उठून बसला होता. त्यानं घोंगडी अंगाला गुंडाळली आणि काठी मागितली. आईनं दिली नाही. त्यानं कोपऱ्यातून स्वतः घेतली. मी दार अडवलं. त्यानं मला शिवी दिली नाही, ढकललं नाही. नुसता माझ्याकडं बघत उभा राहिला. मी बाजूला झालो.

मग गावातून त्याचा आवाज आला.

"ऐका हो ऐका! ज्यांची मतं गावात हायती त्यांनी उद्या सकाळी चावडीवं यावं हो!"

ताप अंगात होता, पण आवाज खणखणीत. आळीआळीतून येत होता. शब्द न् शब्द वाड्यात पोचत होता. आई चुलीपुढं बसून होती. जाळ विझला तरी फुंकर घालत नव्हती.

परत आल्यावर बा भिंतीला टेकून बसला. पाणी प्याला. मग म्हणाला,

"तू बराबर हाईस. पन म्या आता कुठं जाऊ?"

मत टाकायला दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून जायचं होतं. त्याला उठवेना. त्या दुखण्यातून तो उठलाच नाही. मत टाकलं नाही. मी नकार दिला होता म्हणून बलुतंही बंद झालं. आम्ही पोटासाठी पुण्याच्या बांधकामांवर गेलो आणि पुष्कळ वर्षांनी परत आलो.

आता संस्थान गेलं. प्रत्येकाला मत मिळणार म्हणतात. बायकांनासुद्धा, आणि जमीन असो नसो. नवे मतदारसंघ आखायला माणसं नेमलीत, तीही एक दिवस या खोऱ्यात येतील. राज्य बदललं. आखणाऱ्याला जेवायला घालणारी घरं तीच आहेत.

येसकरकी मी सोडली. लिहून दिली. आमच्या घरातून आता दवंडी जाणार नाही, निरोप जाणार नाही, भाकरीला कुणी जाणार नाही. गेल्या आठवड्यात तिन्ही वाड्यांत जाऊन आलो. म्हातारी माणसं म्हणाली, "गावाशी वाकडं कशाला घ्या?" मी त्यांना समजावलं नाही. मला दम लागतो आणि समजावण्यात निम्मं आयुष्य गेलंय. एवढंच सांगितलं, की पुन्हा आपल्याला तीन ठिकाणी फोडलं, तर भोरला कचेरीच्या दारात जाऊन बसायचं. बायकापोरांसकट. उठवलं तर परत बसायचं. तुरुंगात घातलं तर सुटून येऊन बसायचं.

"किती दिस?" एकानं विचारलं.

"रेघ सरळ हुईस्तवर."

कोण येतं, कोण नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी बसणार आहे.